दहावी जोडी

भाषाशास्त्र विभागात बातम्या कमी आणि घडामोडी त्याहून कमी. तरीही विभागाच्या संकेतस्थळावर ‘बातम्या व घडामोडी’ असं एक पान होतं आणि ते भरायचं काम हंगामीबाईंच्या गळ्यात पडलं होतं. पान रिकामं दिसू नये एवढीच विभागप्रमुखांची अट. म्हणून बाई कधी कुणाचं व्याख्यान टाकत, कधी कुणाचा शोधनिबंध, आणि अगदीच दुष्काळ पडला तर ‘ग्रंथालयात नव्या खुर्च्या दाखल’ असंही लिहून मोकळ्या होत. ती बातमी वाचून कुणी खुर्चीत बसायला आल्याचं ऐकिवात नाही.

विभागातली खरी बातमी मात्र त्या पानावर कधी आलीच नाही, कारण ती सगळ्यांना तोंडपाठ होती. जगभरची माणसं एकमेकांशी कशी बोलतात याचा अभ्यास करणाऱ्या या विभागातले दोन सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक एकमेकांशी बोलत नव्हते.

त्यातले एक व्याकरणसर. हे विभागप्रमुख. वाक्य संपल्याशिवाय श्वास न घेणारे. दुसरे ध्वनिसर. यांच्याकडे ध्वनिप्रयोगशाळा, आणि कान असे की जिन्यावरच्या पावलांवरून कुणाचा बूट उसवलाय ते सांगावं. नावं विद्यार्थ्यांनी ठेवलेली. पण ती इतकी चपखल बसली की चहावालासुद्धा त्याच नावांनी कप पाठवी. दोघं नुसते सहकारी असते तर गोष्ट सोपी होती. ध्वनिसर हे व्याकरणसरांचे सख्खे मेहुणे. ध्वनिसरांची थोरली बहीण व्याकरणसरांना दिलेली, आणि तिघं राहत एकाच घरात. त्यामुळे अबोला विभागात सुरू होई, घरी जेवायला जाई आणि सकाळी परत कामावर हजर होई.

या अबोल्याची झळ लागत होती ती हंगामीबाईंना. बाई शिकवायला तात्पुरत्या म्हणून लागल्या होत्या, म्हणून त्या हंगामीबाई. तात्पुरत्या असतानाच त्यांचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले. त्यांना कायम करायचं तर समिती बसायला हवी, आणि समितीवर नियमाने दोघंच: विभागप्रमुख आणि सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक. दर वर्षी बैठकीची तारीख लागे. दर वर्षी एकाला अचानक ताप येई, नाहीतर दुसऱ्याला परगावी परीक्षा घ्यायला जावं लागे. आळीपाळीने येणारा असा शिस्तीचा ताप वैद्यकशास्त्रात दुसरा नसेल. यंदा मात्र वरच्या कचेरीतून निरोप आला होता, की सत्र संपेपर्यंत जागा भरली नाही तर ती दुसऱ्या विभागाला देण्यात येईल. समितीसमोर बाईंचं संशोधनही पुरं होऊन यायला हवं होतं.

संशोधन होतं नकाशाच्या खेळाचं. दोन माणसांना समोरासमोर बसवायचं, मध्ये उभी फळी. दोघांसमोर एकेक नकाशा: तळं, पूल, विहीर, पवनचक्की, मेंढ्यांचा कळप अशी साधी चित्रं. एकाच्या नकाशात वाट आखलेली असते, दुसऱ्याच्या नसते. पहिल्याने बोलून वाट सांगायची, दुसऱ्याने ऐकून ती रेखाटायची. खोच अशी, की दोन्ही नकाशे अगदी सारखे नसतात. एकाकडे असलेलं एखादं चित्र दुसऱ्याकडे नसतं, आणि हे दोघांनाही सांगितलेलं नसतं. मग माणसं अडतात, विचारतात, खात्री करून घेतात, कधी चिडतात. हे अडणं आणि विचारणंच अभ्यासाला हवं असतं. बाईंना ज्येष्ठांच्या दहा जोड्या हव्या होत्या. नऊ झाल्या. दहाव्या जोडीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांचा खेळाच्या आदल्या दिवशी पाय मुरगळला.

त्या दुपारी बाई खोलीत डोकं धरून बसल्या असताना ताई आल्या. ताई म्हणजे व्याकरणसरांच्या पत्नी आणि ध्वनिसरांच्या बहीण. सगळा विभाग त्यांना ताईच म्हणे. आठवड्यातून एकदा त्या दोन पिशव्या घेऊन येत, एक नवऱ्याच्या खोलीत ठेवत, एक भावाच्या, आणि मधल्या खोलीत, म्हणजे हंगामीबाईंकडे, दम खायला टेकत. दोन राज्यांच्या सीमेवर चौकी असते तशी ती खोली होती.

“काय गं, चेहरा असा का? कुणी गेलं का?”

“गेलं नाही, ताई. मुरगळलंय. पोस्टमास्तर येत नाहीत, आणि त्यांचे मित्र म्हणतात ते नाहीत तर मीही नाही.”

“दुसरे बघ की. म्हाताऱ्यांना कुठे तोटा आहे?”

“नुसते म्हातारे नकोत. एकमेकांना पुष्कळ वर्षं ओळखणारे हवेत. एका घरातले असले तर फारच बरं.”

ताईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “आणि मध्ये ती फळी असते म्हणतेस?”

“हो. खुणा करून चालत नाही. बोलावंच लागतं.”

“मग माझ्या घरात आणि तुझ्या त्या खोलीत फरक एवढाच, की तुझ्याकडे बोलावं लागतं.” ताईंनी खुर्ची जवळ ओढली. “माझ्याकडे एक जोडी आहे. वापरून जुनी झालीय, पण टिकाऊ आहे.”

बाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हात जोडले. “ताई, तो खेळ त्या दोघांनीच या विभागात आणलाय. नकाशे त्यांनी स्वतः काढलेत. त्यांना एकमेकांना काय विचारावं लागणार?”

“जुने काढलेत. या वर्षी तू नवे केलेस ना? तुझ्या त्या पानावर होतं की.”

बाईंनी ताईंकडे नव्याने पाहिलं. पानाला वाचक आहे हे त्यांना त्याच दिवशी कळलं. जुने नकाशे विद्यार्थ्यांमध्ये फुटले होते म्हणून त्यांनी चित्रं तीच ठेवून जागा बदलल्या होत्या, काही गाळली होती, काही दोन्हीकडे दिली होती. आणि ‘नवीन नकाशासंच तयार’ अशी तीन ओळींची बातमीही टाकली होती.

“दोघांना वेगवेगळं विचार,” ताई उठता उठता म्हणाल्या. “समोर कोण आहे ते सांगू नकोस. आणि माझं नाव घेतलंस तर मी तुला ओळखत नाही.”

व्याकरणसरांनी मान डोलावली. संशोधनाला नाही म्हणणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं. “समोर कोण आहे?” त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, सर. शिकलेले. फारसे बोलत नाहीत.” यात खोटं काहीच नव्हतं. ध्वनिसरांनी समोर कोण ते विचारलंच नाही. माइक तोंडापासून किती लांब ठेवणार तेवढं विचारलं, आणि उत्तर ऐकून ते जास्त आहे म्हणाले.

ध्वनिमुद्रणाची खोली लहान, भिंतींना जाड गादीसारखं आवरण, आवाज केला तर तो परत न येणारी. ध्वनिसर आधीच आत जाऊन बसले होते. व्याकरणसर दार ढकलून आत शिरले आणि उंबऱ्यातच थबकले. काचेपलीकडे बाई हेडफोन लावून बसल्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, दोघांनी काचेकडे पाहिलं. उठून जायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे बोलणं आलं. त्यापेक्षा बसलेलं बरं, असा हिशेब दोघांच्याही चेहऱ्यावर उमटून गेला. व्याकरणसर खुर्ची ओढून बसले. मध्ये फळी आली तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं असावं. ध्वनिमुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला.

वाट व्याकरणसरांकडे होती.

“आरंभबिंदू नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे,” ते म्हणाले. “तिथून आपण उत्तरेस प्रयाण करावं.”

“प्रयाण केलं,” ध्वनिसर प्रत्येक अक्षर मोकळं करत म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले. दोघं माइकला ऐकवायला बोलत होते. एक पाठ्यपुस्तकासारखा, दुसरा उच्चारकोशासारखा. असलं बोलणं विभागाच्या कपाटात हवं तेवढं होतं.

तळ्यापर्यंत वाट अशीच इस्त्री केलेली गेली. मेंढ्यांच्या कळपापाशी पहिली चुणी पडली.

“कळपाच्या उजवीकडून वर या. आता इथून डावीकडे एक अर्धवर्तुळ काढा.”

“कशाभोवती?”

“कशाभोवती नाही. नुसतं काढा.”

“नुसतं अर्धवर्तुळ माणूस कशाला चालेल?”

“वाट तशी आहे.”

इथे बाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांच्यासमोर दोन्ही नकाशांच्या प्रती होत्या आणि काय चाललंय ते त्यांना लख्ख दिसलं. जुन्या संचात विहीर एकाच नकाशात असायची. दोघांनाही ते पक्कं आठवत होतं. व्याकरणसरांना आपल्या नकाशात विहीर दिसली, म्हणजे ती समोरच्याकडे नसणार. म्हणून ते तिचं नावच घेत नव्हते. ध्वनिसरांनाही आपल्या नकाशात विहीर दिसली, म्हणजे ती समोरच्याकडे नसणार. म्हणून तेही तिचं नाव घेत नव्हते. नव्या संचात विहीर दोघांकडेही होती, आणि वाट तिलाच वळसा घालून जात होती. याआधीच्या नऊ जोड्यांतल्या एकीचंही विहिरीपाशी अडलं नव्हतं. कुणी म्हणालं, तुझ्याकडे विहीर आहे का? समोरचा म्हणाला, आहे. संपलं. इथे दोन विद्वान भरल्या विहिरीच्या काठावर उभं राहून तिला मोकळी जागा म्हणत होते.

“काढलं अर्धवर्तुळ?”

“माझ्याकडे तिथं जागा मोकळी नाही.”

“असणारच. तुमच्याकडे तिथं काही नसतं.”

“माझ्याकडे काय असतं नि काय नसतं ते तुम्हाला बरं ठाऊक.”

“ठाऊक आहे म्हणूनच सांगतोय. रेघ सरळ ओढा हवी तर.”

“ओढली सरळ. बुडालो.”

“कशात बुडालात? तिथं पाणीच नाही.”

“तुम्ही ठरवलंत ना, नाही म्हणून? मग नाही.” ध्वनिसरांच्या बोलण्यातली इस्त्री आता पार गेली होती. “त्या डोंगरावरच्या गावांत बोलीच्या पाहणीला निघालात तेव्हाही तुम्हीच ठरवलंत. याला चढ झेपणार नाही. संपला विषय.”

व्याकरणसरांनी नकाशा खाली ठेवला. मग म्हणाले, “दवाखान्यातून येऊन तुला चार दिवस झाले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, चढ नको.”

“पंधरा दिवस नको म्हणाले होते. निघायला महिना होता.”

“मला वाटलं, विचारलं तर तू नाही कसं म्हणशील. ओढत ओढत येशील. त्यापेक्षा विचारूच नये.”

“आणि मला वाटलं, मी कशाला विचारू? न्यायचं असतं तर नेलं असतं. मी बूट घेऊन ठेवले होते, भावोजी. ताईला विचारा. दारात ठेवले होते.”

आजवर बाईंनी ध्वनिसरांच्या तोंडून मेहुण्यांसाठी ‘प्रमुख’ याखेरीज दुसरा शब्द ऐकला नव्हता, तोही तिसऱ्यापाशी बोलताना. हेडफोनमध्ये व्याकरणसरांच्या खुर्चीची करकर ऐकू आली. मग एक श्वास, वाक्याच्या मधेच घेतलेला.

बाईंचं बोट बटणावर होतं. त्यांच्या आजवरच्या सगळ्या शिक्षणाने त्यांना एकच सांगितलं होतं: बोलणारा माइक विसरला की तोच क्षण खरा, तिथे हात लावू नये. असा तुकडा मिळावा म्हणून माणसं वर्षानुवर्षं यंत्रं उचलून हिंडतात. शिवाय ही दहावी जोडी होती, आणि दहावीवाचून त्यांचं काम अपुरं, आणि अपुऱ्या कामावर समिती काय म्हणेल ते सांगायला नको. हे सगळं त्यांनी नीट मोजलं. मग त्यांना वाटलं की ते बूट दारात किती दिवस राहिले हे ऐकण्याचा हक्क त्यांना नाही, आणि पुढच्या वर्षी वर्गात बसणाऱ्या पोरांना तर नाहीच नाही. त्यांनी बटण दाबलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि काचेकडे पाठ केली. आतला लाल दिवा विझला. आतल्या दोघांच्या ते लक्षातही आलं नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं तेव्हा दोघं हातात एकेक नकाशा घेऊन बाहेर आले. व्याकरणसरांचे डोळे लाल होते. ध्वनिसर नाक पुसत होते आणि वर बघून, खोलीत धूळ फार आहे, असं म्हणत होते. मग दोघांनी नकाशे बाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

“विहीर दोन्हीकडे कशी?” व्याकरणसरांनी विचारलं.

“नवा संच आहे, सर. पानावर बातमी टाकली होती.”

“ते पान कोण वाचतं?” ध्वनिसर म्हणाले.

“आमचा संच आम्हाला न विचारता बदललात?” व्याकरणसर म्हणाले.

“विचारलं असतं, सर,” बाई म्हणाल्या, “पण दोघांना वेगवेगळं विचारावं लागलं असतं, आणि उत्तरंही वेगवेगळी आली असती.”

ध्वनिसरांनी मग यंत्राकडे नजर टाकली आणि त्यांचा चेहराच बदलला. “हे केव्हा थांबलं?”

“मी थांबवलं. तुम्ही बुटांचं बोललात तेव्हा.”

“थांबवलंत? दोन माणसं माइक विसरून बोलत असताना? हेच शिकवलं मी तुम्हाला?”

“बरं केलं त्यांनी,” व्याकरणसर म्हणाले.

“तुम्ही यात पडू नका, भावोजी. हा प्रयोगशाळेचा प्रश्न आहे.”

“मी विभागप्रमुख आहे.”

“आहात ना. मग बाहेरच्या जिन्याचा दिवा बदला आधी.”

ते भांडत भांडत जिना उतरून गेले. बाईंनी खाली वाकून वायरी गुंडाळल्या. हाती काय उरलं याचा त्यांनी विचार केला: नऊ जोड्या पुऱ्या, दहावी अर्धी, तीही मेंढ्यांपर्यंत इस्त्रीची आणि पुढे खासगी. वापरण्याजोगं काही नाही. ज्यांची दिलजमाई झाली त्यांची झाली. बाईंच्या वहीत मात्र वजाबाकीच लिहायची होती.

समितीची तारीख पुढच्या आठवड्यात लागली. सकाळी बाईंनी दोन्ही खोल्यांच्या दारांवर नजर ठेवली. ताप कुणालाच आला नाही. दोघं बैठकीच्या खोलीत एकाच टेबलाच्या एका बाजूला बसले होते, मध्ये बसायला तिसरा माणूस मावला असता एवढं अंतर ठेवून. बाईंना समोर बसायला सांगितलं.

“दहा संभाषणं व्हायची होती,” व्याकरणसर कागद पाहत म्हणाले. “किती झाली?”

“नऊ, सर.”

“दहावं?”

“ते धरता येणार नाही. जोडीला खेळ आधीपासून माहीत होता. आणि ध्वनिमुद्रण अर्धंच आहे. मी थांबवलं.”

“म्हणजे काम अपुरं आहे.”

“हो.”

व्याकरणसर नियमाचे पक्के. दहा म्हणजे दहा, साडेनऊला ते दहा म्हणणार नाहीत हे बाईंना माहीत होतं. ध्वनिसर तर त्या दिवसापासून बटणावरून धुमसत होते. दोघं वेगवेगळ्या वाटांनी एकाच नकाराला पोचतील असं त्यांना दिसत होतं. आजवर एकमत झालं नाही म्हणून अडलं, आता एकमत होऊन अडणार.

व्याकरणसरांनी पेन उचललं. मग ते तसंच हातात धरून मेहुण्याकडे वळले.

“तुमचं काय मत आहे?”

ध्वनिसर खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली. “माझं?”

“तुमचं. विचारतोय.”

“माझं मत तुम्हाला माहीत असेलच.”

“नाही माहीत,” व्याकरणसर म्हणाले. “सांगितलंत तर कळेल.”

ध्वनिसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एवढ्या वेळात त्यांच्या मनात काय काय उलटसुलट झालं ते त्यांनाच ठाऊक. “बटण दाबणं चूक होतं,” ते म्हणाले. “शास्त्राच्या दृष्टीने शंभर टक्के चूक. ते मी लिहून देईन.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण उद्या कुणाच्या घरात यंत्र घेऊन पाठवायचं झालं तर मी यांनाच पाठवीन. दुसऱ्या कुणाला नाही. नऊ संभाषणं स्वच्छ आहेत, मी सगळी ऐकलीत. पोस्टमास्तरांचा पाय बरा झाला की दहावं होईल. पाय मुरगळणं हा काही बाईंचा दोष नाही.”

“दहावं सत्र संपण्याआधी व्हायला हवं.”

“होईल. नाही झालं तर मी जाऊन त्यांना उचलून आणतो.”

“तुला चढ...” व्याकरणसर म्हणाले आणि थांबले. पेन टेबलावर एकदा आपटून त्यांनी वाक्य बदललं. “उचलून आणणं तुला जमेल?”

“त्यांच्या पत्त्यात तळमजला लिहिलाय, भावोजी. आणि जमेल.”

व्याकरणसरांनी कागदावर सही केली आणि तो सरकवला. ध्वनिसरांनी त्याखाली सही केली. बाई कायम झाल्या. दहाव्या संभाषणाची अट तेवढी खाली एका ओळीत होती. आभार मानून त्या उठल्या.

दार लावताना मागून बोलणं ऐकू आलं.

“पोस्टमास्तरांकडे केव्हा जायचं?” व्याकरणसर विचारत होते.

“उद्या सकाळी. गाडी मी काढतो.”

“वाट माहीत आहे का तुला?”

“नाही,” ध्वनिसर म्हणाले. “तुम्हाला?”